नाही, फादर

बुधवार, २८ ऑगस्ट १९६३. संत ऑगस्टीनचा सण. सकाळपासून घामाच्या धारा, वारा अजिबात नाही. नूमाची दाढ पुन्हा ठणकली; लवंग दाबून कामावर गेला. परसातली भेंडी खुडली, निम्मी जून निघाली. दुपारी वॉशिंग्टनची मोठी सभा टेलिव्हिजनवर दाखवली म्हणतात. आपल्याकडे टेलिव्हिजन नाही. संध्याकाळी झेनोबी आली. गिड्रीबाईंकडचे काम सुटले. का सुटले ते तिने ओसरीवर बसून सांगितले.

माझ्या वहीतली नोंद एवढीच आहे. झेनोबी डेक्वीरबद्दल लिहायचे तर मला या पानापासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्या बुधवारपर्यंत कुणी लिहून ठेवावे असे तिने काही केले नव्हते. तिला विचारले असते तर तिनेही हेच सांगितले असते, वर "तुला दुसरा उद्योग नाही का?" म्हणाली असती.

ती साखर कारखान्याच्या चाळीत जन्मली, नदीच्या बांधाच्या अलीकडे. आई अझेमा लोकांचे कपडे इस्त्री करायची. झेनोबी काळ्या मुलांच्या शाळेत चौथीपर्यंत गेली आणि मग आईच्या शेजारी दुसरी इस्त्री घेऊन उभी राहिली. मी तिच्याच वयाची, पण माझी मावशी न्यू ऑर्लिन्सला होती म्हणून मला तिथे काळ्या सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात घातले. सुटीत गावी आले की मी तिला फ्रेंच कविता म्हणून दाखवायची आणि ती म्हणायची, "छान आहे. आता ही चादर त्या टोकाने धर."

ओसरीवर तिच्या जिभेला लगाम नव्हता. नवऱ्याला, ओव्हिडला, ती दिवसातून चारदा घराबाहेर काढायची आणि जेवायच्या वेळी पुन्हा आत घ्यायची. चर्चमध्ये मात्र तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आम्हा कॅथलिकांत तशी रीतच नव्हती. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये; उत्तरे द्यायची ती वेदीजवळच्या मुलांनी. प्रवचन फादरांनी द्यायचे, आपण ऐकायचे. रस्त्यापलीकडे बॅप्टिस्टांचे लाकडी चर्च होते, तिथे सगळाच उलटा प्रकार. पाळक एक वाक्य बोलला की अख्खी सभा "हो!", "सांगा!", "खरंय!" म्हणून साद द्यायची. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या असत. आमचे फादर डेस्मेट शुद्धतेवर बोलत असताना पलीकडून "आणखी सांगा!" असा आवाज यायचा, आणि आम्ही मान खाली घालून हसू दाबायचो.

आमच्या चर्चमध्ये शेवटची चार बाके आमची होती. कम्युनियनची वेळ झाली की आधी गोरे उठायचे. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, कठड्यावर अंथरलेल्या लांब पांढऱ्या कापडाची कड हनुवटीखाली धरायची, आणि फादर एकेकाच्या जिभेवर पवित्र भाकर ठेवत जायचे. शेवटचा गोरा म्हातारा काठी टेकत आपल्या जागेवर जाऊन बसला की मग आम्ही उठायचे. कुठे पाटी लावलेली नव्हती. तिची गरजही नव्हती.

झेनोबीची पहिली कम्युनियन सातव्या वर्षी झाली, पिठाच्या पोत्याच्या झग्यात. आईने त्याला अशी खळ केली होती की पोर बसली तरी झगा उभाच राहिला. तेव्हापासून बाळंतपणे सोडली तर तिचा एकही रविवार चुकला नाही. ताप असला तरी ती यायची. एकदा मी म्हटले, "आज घरी राहिली असतीस तर देव रागावला नसता." ती म्हणाली, "देवाचं नाही गं. मलाच आठवडाभर उपाशी असल्यासारखं वाटतं." हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. पुढे तिने काय पणाला लावले ते त्याशिवाय कळणार नाही.

कठड्यावरचे ते लांब कापड धुऊन इस्त्री करायचे कामही तिचेच होते. वेदीची वस्त्रे सांभाळणाऱ्या गोऱ्या बायकांच्या मंडळाच्या प्रमुख लूसिल गिड्री. कापडे त्यांच्या घरी जायची, आणि त्यांच्या घरी मागच्या खोलीत झेनोबी असायची.

त्या बुधवारी ती ओसरीवर आली तेव्हा माझा नवरा नूमा दाढेला फडके बांधून बसला होता. मी मक्याचा पाव आणि ताक पुढे ठेवले.

"सुटलं काम," ती म्हणाली.

"काढलं तुला?"

"तिनं कुठं काढलं? मीच इस्त्रीची वायर ओढली."

मग तिने सांगितले. गिड्रीबाई दुपारची मालिका बघत होत्या. मालिका थांबवून काळ्यांच्या हक्कांसाठीची वॉशिंग्टनची सभा दाखवायला लागले तशा त्या वैतागून फोनवर बहिणीशी बोलायला आत गेल्या. टेलिव्हिजन तसाच चालू राहिला. दार उघडे होते. झेनोबी चर्चचे कापड इस्त्री करत होती.

"आधी मी लक्षच दिलं नाही. म्हटलं, बोलतोय कुणीतरी. मग तो बॅप्टिस्टांसारखा बोलायला लागला, आणि मी म्हटलं, हो."

"मनात?"

"कसलं मनात! मोठ्यानं. मलाच दचकायला झालं. मग तो पुढचं बोलला, मी पुन्हा म्हटलं, हो, सांग. इस्त्री हातात. तेवढ्यात मिस लूसिल आल्या. ‘झेनोबी, कुणाशी बोलतेस?’ मी म्हटलं, ‘यांच्याशी, मिस लूसिल.’ त्यांनी जाऊन बटण फिरवलं. बंद."

"मग?"

"मग मी इस्त्री उभी ठेवली, गेले, आणि बटण फिरवलं. चालू."

नूमाने दाढेवरचा हात काढला.

"चालू म्हणजे लगेच कुठं चालू होतंय ते," झेनोबी म्हणाली. "तापायला वेळ लागतो त्याला. मी एका बाजूला उभी, त्या एका बाजूला, मध्ये तो काळा डबा. दोघी बघतोय. ना चित्र, ना आवाज. मला वाटलं, आता जर हा पेटलाच नाही तर मी कशी दिसेन! मग मधोमध एक ठिपका आला, आणि आवाज आला. मी म्हटलं, ‘एवढं ऐकून होऊ दे, मिस लूसिल.’ त्या म्हणाल्या, ‘हे माझं घर आहे.’ मी म्हटलं, ‘हो, घर तुमचंच. भाषण माझं आहे.’"

"असं म्हणालीस?" मी विचारले.

"म्हणाले ना. संपेपर्यंत ऐकलं. मग कापडाची घडी केली, वायर ओढली आणि मागच्या दारानं निघाले. अर्ध्या वाटेत आठवलं, आपण पुढच्या दारानं यायला हवं होतं. पण परत कोण जाणार एवढ्या उन्हात!"

नूमा म्हणाला, "एका भाषणापायी हातचं काम घालवलंस. भाषणं काय, मीही खूप ऐकली. निवडणूक आली की ऐकतोच."

"काय बोलले ते तरी सांग," मी म्हटले.

तिने ताकाचा पेला खाली ठेवला. "सांगता नाही यायचं. नवीन असं काही नव्हतंच त्यात. आपल्याला माहीत नाही असं काय सांगणार तो? पण तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि म्हणून झालं की थांबतो. थांबतो ते तुझ्यासाठी. तू काहीतरी बोलावंस म्हणून."

"हे काही कारण झालं नाही," नूमा म्हणाला.

झेनोबी उठली. बाह्या सरसावत ओसरीच्या कडेला उभी राहिली. "ओव्हिड डेक्वीर," ती तिथे नसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "छप्पर गळतंय!" आणि थांबली. "ओव्हिड डेक्वीर, खुर्चीचा पाय मोडलाय!" पुन्हा थांबली, जरा जास्त. "ओव्हिड डेक्वीर, कुंपण पडलंय, डुक्कर वाटाण्यात शिरलंय!"

"शिरलंय ना!" नूमा ओरडला.

नूमाने पुन्हा दाढेवर हात ठेवला, पण त्याला हसू आवरेना. "माझ्या तोंडून कसं निघालं ते?" तो म्हणाला.

"तेच तर मी सांगतेय," झेनोबी म्हणाली, आणि खाली बसून पाव खायला लागली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी न्यू ऑर्लिन्सचा पेपर आणला, त्यात भाषणातले बरेच काही छापले होते. मी ते दोनदा वाचले. चांगले लिहिलेले होते. बायबलचा अभ्यास उघड दिसत होता. पण पेपरात ओळीला ओळ चिकटून छापतात. जिथे तो माणूस थांबला असेल तिथे कागदावर काहीच नव्हते.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. झेनोबीची शेजारीण टेनी ब्रॅक्स्टन, पक्की बॅप्टिस्ट, कुंपणावर कोपर टेकून म्हणाली, "म्हणजे तुला कंठ आहे तर! मला वाटायचं, तुमचे फादर तुम्हाला बाप्तिस्मा देतानाच जीभ काढून घेतात."

"जीभ नाही काढत. फक्त ऐकून घेत नाहीत," झेनोबी म्हणाली.

"मग इकडे ये की. आमच्याकडे पहिल्या बाकावर बसवते तुला. हवं तेवढं ओरड."

"ते घर माझं आहे, टेनी. माझ्या आईनं तिथली फरशी घासली आहे. मी का जाऊ?"

"फरशी घासून घर होत असतं तर निम्मं गाव माझं असतं," टेनी म्हणाली. दोघी हसल्या, पण झेनोबीने मान हलवून नाही म्हटले.

त्या रविवारी, म्हणजे एक सप्टेंबरला, फादर डेस्मेट प्रवचनाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या कानावर सगळे आलेले होते. ते बेल्जियमचे, उंच, पाठीत किंचित वाकलेले. आमच्या मुलांना त्यांनी स्वतः दात घासायला शिकवले होते. वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांनी धीर हा विषय घेतला. म्हणाले, काही मने अलीकडे भाषणांनी ढवळून निघाली आहेत. म्हणाले, पवित्र ख्रिस्तसभा शतकांच्या गतीने चालते, तिला घाई नसते. मग दोन्ही हात प्रवचनाच्या चौथऱ्यावर टेकवून त्यांनी मागच्या बाकांकडे पाहिले. "माझ्या मुलांनो," ते म्हणाले, "आणखी थोडे थांबणे आपल्याला जमणार नाही का?"

आणि ते थांबले.

प्रवचनात फादर असे थांबतात ते घशाला विश्रांती म्हणून, किंवा बोललेले मनात उतरावे म्हणून. आम्ही जन्मभर ते थांबणे पाहिले होते आणि त्यात कधी कुणी शब्द टाकला नव्हता.

"नाही, फादर," झेनोबी म्हणाली.

बसूनच म्हणाली. ओरडली नाही, शेजारणीने मीठ आहे का विचारावे आणि आपण नाही म्हणावे, तसे. पण त्या दगडी भिंतींत ते थेट वेदीपर्यंत गेले. पुढच्या बाकांवरच्या टोप्या एकदम मागे वळल्या. ओव्हिडने दोन्ही हातांनी आपली टोपी चुरगाळली. फादरांनी चौथऱ्यावरचे हात काढले. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि ते वेदीकडे वळले. त्यांचे सर्वांत आखूड प्रवचन ते.

कम्युनियनची घंटा झाली. पुढची बाके उठली, आणि त्यांच्याबरोबर झेनोबी उठली. ओव्हिडने गुडघे बाजूला घेऊन तिला वाट दिली, कारण बाकाच्या टोकाला तो बसायचा, पण तोंडाने पुटपुटला, "आता पोपनाही उलट उत्तर दे, म्हणजे झालं." ती मधल्या वाटेने सरळ गेली आणि कठड्याच्या मध्यावर तिने गुडघे टेकले. तिच्या दोन्ही बाजूंची माणसे हातभर सरकली. फादर आले. उजवीकडच्या बाईला दिले, मग एक पाऊल जास्त टाकले आणि डावीकडच्या माणसाला दिले.

ती उठली नाही. गोऱ्यांच्या रांगा येऊन गेल्या, मग आमची माणसे आली, तीही गेली, आणि ती तशीच. फादर आमच्या माणसांबरोबर तिला द्यायला आले तेव्हा तिने तोंड मिटले आणि नकारार्थी मान हलवली. शेवटी हात जोडून परत आली.

मंगळवारी फादर तिच्या घरी गेले. मी तिथेच होते, वाटाणे सोलत होते.

"झेनोबी," ते म्हणाले, "प्रवचनात बोलणे हा देवाच्या घराचा अवमान आहे."

"तुम्ही विचारलंत, फादर."

"ते विचारणे तसे नव्हते."

"मग कसं होतं?"

त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "तू तुझ्या लोकांबरोबर ये. मी तुला आनंदाने देईन. देवापुढे पहिला आणि शेवटचा असा काही फरक नसतो."

"देवापुढे नसतो ना? मग तुम्हाला का पडतो?"

"लोक चर्च सोडून जातील."

"कोणते लोक?" झेनोबीने विचारले. तिने त्यांना कॉफी दिली, त्यांनी ती घेतली, आणि जाताना दारात म्हणाले, "तू स्वतःलाच उपाशी ठेवते आहेस, माझ्या मुली."

"हो, फादर," ती म्हणाली. "मला कळतं ते. तुमच्यापेक्षा जास्त."

ते गेल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात काही ना काही घासत होती. मग म्हणाली, "जीभ बाहेर काढून बसले होते मी, ओनोरिन. कोरडी पडली. लहान पोरासारखी."

"मग शेवटी जा ना. निदान तुला मिळेल तरी."

"शेवटी गेले तर मिळेल ते मला चालणार नाही. आधी चालायचं. आता घशाखाली उतरायचं नाही. त्या माणसानं माझी सवय बिघडवली." वॉशिंग्टनच्या माणसाबद्दल ती अशीच बोलायची, घरातल्या कुणाबद्दल बोलावे तशी, तक्रारीच्या सुरात.

दुसऱ्या रविवारी मी तिच्या शेजारी जाऊन गुडघे टेकले. फादरांनी आता दोन पावले जास्त टाकली.

इकडे वेदीच्या कापडांची दैना झाली होती. गिड्रीबाईंनी कठड्याचे कापड आधी तालुक्याच्या धुलाईकेंद्रात पाठवले. ते फळकुटासारखे ताठ होऊन आले आणि लोकांच्या हनुवट्या खरचटल्या. मग त्यांनी स्वतः इस्त्री हातात घेतली. त्या रविवारी कापडाच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता, टोकासकट. कुणीही तिथे हनुवटी न्यायला तयार नव्हते, त्यामुळे नेमकी ती जागा रिकामी राहिली. झेनोबी तिथेच गेली. परत येताना माझ्या कानाला लागून म्हणाली, "खळ न घालता तापली इस्त्री टेकवली बाईनं. आणि देवाची वस्त्रं सांभाळतेय!" मिस्सा चालू असताना मला खोकल्याचे सोंग करावे लागले.

गिड्रीबाईंनी निरोप पाठवला: मागचे विसरू, कामावर ये. झेनोबीने उलट निरोप दिला: येते, कठड्यापाशी माझा नंबर लागला की दुसऱ्या दिवशी येते.

पंधरा सप्टेंबरला, आम्ही मिस्साहून परतून जेवायला बसलो असताना, बर्मिंगहॅमची बातमी रेडिओवर आली. तिथल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला होता. चार मुली गेल्या. रविवारच्या शाळेला आलेल्या, रविवारच्या कपड्यांत. माझ्या वहीत त्या दिवशी एवढेच आहे, खाली काही लिहिलेले नाही. संध्याकाळी टेनी ब्रॅक्स्टन झेनोबीच्या ओसरीवर येऊन बसली. कुणी कुणाला टोमणा मारला नाही. टेनीने एकदाच विचारले, "तुमच्या चर्चमध्ये तरी मुली सुरक्षित असतात का गं?" झेनोबी म्हणाली, "मागच्या बाकांवर असतात."

त्या आठवड्यात ती कुणाच्या दारी गेली नाही. कुणाला काही करा म्हणाली नाही. मला तर तिने सांगितले, "माझ्याबरोबर आलं पाहिजे असं काही नाही हं. गुडघे दुखतात तुझे."

रविवार, बावीस तारीख. मागची चारही बाके भरलेली, एरवी कधीतरी येणारी माणसेही आलेली. प्रवचनात फादर बर्मिंगहॅमबद्दल बोलले. नीट बोलले. एकदा त्यांचा आवाज फुटला आणि ते थांबले, आणि मागून कुणीतरी, पुरुषाचा आवाज होता, हळूच "हो, फादर" म्हणाले. या वेळी पुढच्या टोप्या वळल्या नाहीत.

घंटा झाली. झेनोबी उठली आणि ओव्हिडने गुडघे बाजूला घ्यावेत म्हणून वाट पाहत उभी राहिली. ओव्हिडने गुडघे बाजूला घेतले नाहीत. तो उठला, टोपी बाकावर ठेवली आणि तिच्या पुढे चालायला लागला.

मग बाकांचा आवाज झाला. चार बाके एकदम रिकामी होतात तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, कारण आम्ही नेहमी एकेक करून, फळी वाजू न देता उठायचो. मधल्या वाटेने आम्ही गेलो. पुढची बाके अजून आपापली जपमाळ पर्समध्ये ठेवत होती. आम्ही पोचलो तेव्हा कठडा रिकामा होता, आणि आम्ही गुडघे टेकले तेव्हा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. गोरे मागून आले आणि वाटेतच उभे राहिले. त्यांना गुडघे टेकायला जागा नव्हती.

फादर डेस्मेट पवित्र भाकरीचे पात्र घेऊन वळले. त्यांनी आम्हाला पाहिले, आमच्या डोक्यांवरून मागच्यांना पाहिले. मागून कुणीतरी घसा खाकरला. ते पायरी उतरून कठड्याच्या टोकाला आले. तिथे ओव्हिड होता, घामाने भिजलेला, तोंड उघडे. जास्तीचे पाऊल टाकायचे तर ते आता थेट भिंतीपर्यंत टाकावे लागले असते.

ते इतका वेळ उभे राहिले की मला वाटले, हे परत वळणार, पात्र कपाटात ठेवून कुलूप लावणार. झेनोबी समोर पाहत होती. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की काय होते, मी तिला कधी विचारले नाही. मग फादरांनी लॅटिन शब्द सुरू केले, पुटपुटत, आणि ओव्हिडच्या जिभेवर भाकर ठेवली. मग पुढच्याला दिली. मग मला.

मग ते झेनोबीपाशी आले. कम्युनियन घेताना डोळे मिटायचे असे आम्हाला लहानपणी छडी मारून शिकवले होते. तिने मिटले नाहीत. त्यांच्याकडे बघत तिने तोंड उघडले, बघतच घेतली, आणि बघतच गिळली.

आम्ही उठलो. गोऱ्यांपैकी काहींनी येऊन गुडघे टेकले. काही बाहेर निघून गेले. गिड्रीबाई बाहेर गेलेल्यांत होत्या. पायऱ्यांवर त्या झेनोबीसमोर थांबल्या. हातमोजे घालता घालता म्हणाल्या, "झालं तुझं समाधान?"

"अजून कुठं, मिस लूसिल," झेनोबी म्हणाली. "बाकांचं राहिलंय."

पुढे बाकांचे झाले, शाळेचे झाले, मतदानाचे झाले. त्यातले काहीही फुकट मिळाले नाही. त्या हिवाळ्यात ऊस गाळपाला सुरुवात झाली तेव्हा कारखान्याने ओव्हिडला परत घेतले नाही, आणि त्यांनी दोन वर्षे उधार-उसनवारीवर काढली. फादर डेस्मेटची वसंतात बदली झाली. ती शिक्षा होती की बढती, आम्हाला कधी कळले नाही. गिड्रीबाईंकडे झेनोबी पुन्हा गेली नाही. त्यांनी बोलावले नाही. झेनोबी वारली तेव्हा आमच्या चर्चमध्ये मिस्सा इंग्रजीत होत होता आणि सगळेच मोठ्याने उत्तरे देत होते, आणि त्यातही तिचा आवाज अर्धा शब्द पुढे असायचा.

यातले काहीही त्या बावीस तारखेला आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही सगळे माझ्या ओसरीवर जमलो. टेनी ब्रॅक्स्टन रताळ्याच्या दोन गोड पाई घेऊन आली आणि म्हणाली, "ऐकलं मी, आज तुमची बाकं वाजली. आमच्या पाळकांनी प्रवचन थांबवलं, म्हणाले, हे काय कोसळलं?" ओव्हिड पहिल्यांदाच दोनदा वाढून घेऊन जेवला. पायरीवर बसून झेनोबीने बूट काढले आणि पाय जमिनीवर टेकवले. अंधार पडल्यावर कोपऱ्यावर गोऱ्यांची, दिवे विझवलेली एक मोटार येऊन उभी राहिली. नूमा उठून फाटकापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. ओव्हिड त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मग इतर पुरुषही. झेनोबी म्हणाली, "कुणी आत जायचं नाही," आणि ती पायरीवरच बसून राहिली, आणि आम्ही बायकाही. मोटार बऱ्याच वेळाने गेली. मग सगळे एकत्र चालत, एकमेकांना घरी सोडत गेले.

झोपण्यापूर्वी मी वही उघडली. आज कठड्यापाशी काय झाले ते तीन ओळींत लिहिले, कोण कोण होते त्यांची नावे लिहिली. त्याखाली शेवटची ओळ आहे: कालच्या चादरी दोरीवरच राहिल्या, दवाने पुन्हा ओल्या झाल्या.